वीतभर नाळ

पुणे
१२ जानेवारी २०२४

ती. आत्या,

या खोक्याच्या झाकणाला आतून एक कप्पा आहे, त्यात कागदपत्रं ठेवतात. त्याच कप्प्यात हे पत्र ठेवलंय. खोकं बघून घाबरू नकोस, आत फक्त बर्फाच्या पिशव्या आणि रिकाम्या बाटल्या आहेत. आमचा ड्रायव्हर रामहरी ते तुझ्या हातात देईल. फोनवर तुझ्याशी बोलायला जावं तर लेबर रूममधून कुणीतरी "सिस्टर!" म्हणून ओरडतं, तू फोन तसाच टेबलावर टाकून पळतेस आणि मी नुसता पंख्याचा आवाज ऐकत बसते. म्हणून लिहिते.

काम असं आहे. तुमच्या दवाखान्याशी आमच्या लॅबचा करार होऊन बरेच दिवस झाले. एथिक्स कमिटीची परवानगी आली, कागद छापून झाले, पण संगमनेरहून आजवर एकही नाळ आलेली नाही. बाळाची नाळ, आत्या. ती कापल्यावर आपण टाकूनच देतो. त्या नाळेत जेलीसारखा गर असतो आणि त्यात मूळ पेशी असतात, म्हणजे स्टेम सेल. या पेशी आम्ही वाढवल्या की त्या स्वतःतून बारीक बारीक पुटिका सोडतात. साबणाचे फुगेच म्हण, पण इतके लहान की केसाच्या जाडीत शेजारी शेजारी हजारभर मावतील. शरीरातली एक पेशी दुसरीला निरोप धाडते तो या पुटिकांमधूनच. आम्हाला त्यांच्यात कॅन्सरचं औषध भरायचंय. नुसतं औषध सलाईनमधून दिलं की ते अंगभर फिरतं, केस गळतात, उलट्या होतात. पुटिकेला शरीर सहसा परकं समजत नाही, त्यामुळे ती औषध गाठीपर्यंत नेऊ शकेल. आमच्या विषयात याला ड्रग डिलिव्हरी म्हणतात. 'शकेल' म्हणते, कारण अजून आम्ही उंदरांपर्यंतसुद्धा पोचलेलो नाही.

तू तिथली सगळ्यात जुनी सिस्टर. बायका डॉक्टरांपेक्षा तुझं जास्त ऐकतात. अकरावी-बारावीत तुझ्या घरी राहून मी तुझं डोकं खाल्लं, तसंच आता पुन्हा खाते आहे असं समज.

तुझी
राजी

संगमनेर
२९ जानेवारी २०२४

चि. राजे,

आशीर्वाद आहेतच, आधी कामाचं बोलते.

पुटिकांचं दोनदा वाचलं. माझ्या डोक्यात ते असं बसलंय: नाळेतल्या पेशी एकमेकींना डबे पाठवतात आणि तुम्ही त्या डब्यातली भाजी बदलता. बरोबर ना? आणि तुमच्या कामालाही डिलिव्हरीच म्हणतात हे वाचून ड्युटी रूममध्ये मी एकटीच हसत बसले. आमचा अख्खा जन्म डिलिव्हरीत गेला, पण त्यावर कुणी आम्हाला डॉक्टरेट दिली नाही!

तुझं काम मात्र अवघड आहे. तुला शहरात राहून विसर पडला असेल, पण आपल्याकडे नाळ टाकून देत नाहीत, पुरतात. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या बायका तर आल्या आल्या विचारतात, नाळ आणि वार आम्हाला द्याल ना? परवा कोतूळच्या पलीकडच्या कडूबाईला विचारून पाहिलं. तिची सून निकिता नववा लागल्यापासून तपासायला येते. कडूबाई म्हणाली, "नाळ पुन्याला? मंग लेकरू मोठं झाल्यावं त्ये बी पुन्यालाच पळंल. न्हाई बाई. जितं नाळ तितं मानसाचं मन ऱ्हातं."

मी म्हटलं, "अहो, आमच्या राजीची नाळ गावात गोठ्यामागं पुरलीय. ती कुठं गावात राहिली?"

"पन सुट्टीला येती ना?" ती म्हणाली.

मी निकिताचं बीपी बघायला घेतलं.

आणि तुमचा तो कागद! सहा पानं, राजे. कळा देणाऱ्या बाईनं ती कधी वाचायची? मीच अजून पुरती वाचलेली नाहीत.

आत्या

पुणे
३ फेब्रुवारी २०२४

आत्या,

चौथं पान वाच! आत्ताच्या आत्ता वाच.

आम्हाला अख्खी नाळ नकोच आहे. वीतभर तुकडा पुरतो. उरलेली नाळ आणि वार घरच्यांची, त्यांनी ती पुरावी, आमचं काही म्हणणं नाही. आणि कळा सुरू झाल्यावर कागद पुढे करायचाच नाही. आधीच, नवव्या महिन्यातल्या तपासणीला द्यायचा, समजावून सांगायचा आणि सही बाळाच्या आईची घ्यायची. हे पाचव्या पानावर आहे.

आमच्या मॅडम म्हणाल्या, मार्च संपेपर्यंत नाळा आल्या नाहीत तर हा विषय बंद करून दुसरं काहीतरी घ्यावं लागेल. मी तुला घाई करत नाही. (करते आहे.)

राजी

संगमनेर
१९ फेब्रुवारी २०२४

चि. राजे,

खोकं भरून पाठवते आहे! नीट उघड.

चौथं पान वाचलं, पाचवंही वाचलं. मग निकिता तपासणीला आली तेव्हा तिला आणि कडूबाईला समोर बसवलं. वीतभरच हवी म्हटल्यावर कडूबाईचा सूर जरा उतरला.

"वीतभरच?"

"वीतभरच."

"माजी वीत का तुमची?"

मी हात पुढे केला, तिने तिचा पुढे केला. तिचा पंजा भात लावून लावून असा रुंद झालाय की माझा त्यात बुडून जाईल. शेवटी निकिता म्हणाली, "नाळ माझी न् बाळाची, मग वीत माझी धरा." तिथं तोड निघाली. कडूबाईनं आणखी एकदोन गोष्टी विचारल्या, मी जमेल तसं सांगितलं आणि निकितानं सही केली.

आज सकाळी ती मोकळी झाली. मुलगी झाली, गुटगुटीत, आणि आवाज असा की बाहेरच्या रिक्षावाल्यांनी आत डोकावून पाहिलं. निकिताचा नवरा वाल्मिक उरलेली नाळ आणि वार डब्यात घालून घेऊन गेला. तुझा तुकडा मी माझ्या हातानं बाटलीत ठेवला. रामहरी तर खोकं छातीशी धरून चाललाय. त्याला सांगितलं, अरे बाळ नाही, नाळ आहे. तर म्हणतो, "सिस्टर, हातात काय हाय ते कळल्यावं घाटात गाडी जोरात न्यायला धीर व्हायचा न्हाई."

आत्या

पुणे
११ मार्च २०२४

ती. आत्या,

पेशी आल्या!

पहिल्यापासून सांगते. नाळ धुतली, तिचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे केले आणि ताटल्यांमध्ये लावून ठेवले. मग काही दिवस काहीच होत नाही. रोज सकाळी जाऊन बघायचं, तुकडा आहे तिथे आहे. मी मॅडमना तोंड दाखवायचं टाळत होते. आणि एका सकाळी एका तुकड्याच्या कडेला दोन-तीन लांबट पेशी बाहेर सरकलेल्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी आणखी. आता ताटली भरून गेलीय. आवणीनंतर वाऱ्यानं भाताची रोपं एका अंगाला कलतात ना, अगदी तशा दिसतात सगळ्या. मी चुलीवर दूध ठेवून आल्यासारखी पुन्हा पुन्हा बघायला जाते.

त्या ज्या पाण्यात वाढतात ते पाणी आम्ही गाळतो, प्रचंड वेगानं फिरवतो आणि तळाशी जे बसतं त्यात पुटिका असतात. तुझे डबे. पहिले डबे मिळाले, आत्या! अजून रिकामेच आहेत, आता ते भरायला शिकायचं. अर्धी पुटिका फुटते, अर्धं औषध बाहेर सांडतं, पण ते जमेल.

आमच्याकडे नमुन्याला नाव नसतं, नंबर असतो. मी कुणाला सांगत नाही, पण या नंबराला मनातल्या मनात 'निकिताची वीत' म्हणते.

राजी

संगमनेर
३० मार्च २०२४

चि. राजे,

तुझं पत्र वाचून ड्युटी रूममध्ये सगळ्यांना पेढे दिले. कशाचे विचारल्यावर म्हटलं, पेशी झाल्या. निम्म्या जणींना वाटलं कोर्टातली पेशी, काही भानगड आहे.

या महिन्यात आणखी बायका तयार झाल्या. एकीनं केलं की दुसरी करते. मी आता बोलायला सरावलेय. कॅन्सरचं औषध म्हटलं की बायका लगेच कान देतात, प्रत्येकीच्या घरात नाहीतर भावकीत कुणीतरी असतंच.

कडूबाई नातीला डोस द्यायला आली होती. औषध कुठवर आलं विचारत होती. त्याआधी वाल्मिकचाही फोन येऊन गेला, त्याचंही तेच. मी म्हटलं, चाललंय काम.

तुझा कागद त्यांनी घरी जपून ठेवलाय म्हणे.

आत्या

पुणे
७ एप्रिल २०२४

आत्या,

कडूबाई विचारतात हे वाचून इतकं बरं वाटलं! मी मॅडमनाही सांगितलं, की बघा, कोतूळच्या डोंगरातली बाई आपल्या प्रयोगाची चौकशी करते. त्या म्हणाल्या, आपल्या कमिटीतले लोकसुद्धा एवढं विचारत नाहीत.

त्यांना सांग, पुटिकांमध्ये औषध टिकायला लागलंय. छान चाललंय!

राजी

पुणे
१८ एप्रिल २०२४

आत्या,

तू कडूबाईंना काय सांगितलं होतंस?

काल दुपारी गेटवरून फोन आला की तुम्हाला भेटायला गावाकडची माणसं आलीत. खाली गेले तर एक बाई आणि एक म्हातारे गृहस्थ. बाईंच्या हातात आपला सहा पानांचा कागद, शेवटच्या पानावरच्या पत्त्याला बोट लावलेलं. गृहस्थांनी तोंडाशी उपरणं धरलं होतं. बाई म्हणाल्या, "राजेश्वरीताई तुमीच का? आमी निकिताचे सासू-सासरे. आमच्या नातीच्या नाळंचं औशीद न्यायला आलोय."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी पिशवीतून फाईल काढली. त्या गृहस्थांच्या, गोरक्षनाथांच्या, जिभेच्या कडेला कॅन्सर आहे, आत्या. रिपोर्ट फेब्रुवारीच्या सुरुवातीचा आहे. संगमनेरच्या डॉक्टरांनी तेव्हाच लिहून दिलंय, ऑपरेशन लवकर करा. मी विचारलं, मग केलं का नाही? तर कडूबाई म्हणाल्या, "आता औशीद व्हायलंय म्हनल्यावं जीब कशाला कापायची? तुमच्या आत्या म्हनल्या ना, बघू म्हनून."

मी त्यांना कॅन्टीनमध्ये नेलं आणि सरळ सांगितलं. हे औषध अजून उंदरालाही दिलेलं नाही. माणसाला द्यायला किती वर्षं लागतील कुणीच सांगू शकत नाही. कदाचित कधीच देता येणार नाही.

कडूबाईंनी फाईल परत पिशवीत घातली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही. मग गोरक्षनाथांनी उपरणं बाजूला केलं. त्यांना बोलताना दुखतं. म्हणाले, "न्हाई तर न्हाई. पन आलोच हाय तर दावा तरी."

आत नेता येत नाही, म्हणून मॅडमनी बाहेरच्या खोलीतल्या पडद्यावर पेशी दाखवल्या. दोघं जवळ जाऊन बघत राहिले. कडूबाईंनी पडद्याला हात लावला आणि विचारलं, "ही आमची? एका वितीतनं एवढ्या?" आणि रडायला लागल्या. मीही रडले. मॅडमनी मात्र तेवढ्या वेळात कॅन्सर हॉस्पिटलमधल्या त्यांच्या मैत्रिणीला फोन लावून आज सकाळची वेळ घेतली.

रात्री दोघं माझ्याच खोलीवर राहिली. कडूबाईंनी माझा स्वयंपाकाचा कट्टा बघितला, "हितं मानूस ऱ्हातं का पाहुना?" म्हणाल्या आणि पिठलं-भात केला. गोरक्षनाथांसाठी भात मऊ शिजवून. मी इतकी जेवले की लाज वाटली.

डॉक्टरांनी आज तपासलं. गाठ वाढलीय, पण अजून काढता येण्यासारखी आहे. आणखी थांबले असते तर काय झालं असतं, ते मी विचारलं नाही.

एक गोष्ट तुला आवडणार नाही, पण मी हे कमिटीला कळवलंय. कळवावंच लागतं. निकिताच्या घरच्यांनी चुकीच्या समजुतीवर नाळ दिली असेल तर त्यांना पुन्हा विचारायला हवं. निकिता नाही म्हणाली तर त्या सगळ्या पेशी नष्ट करायच्या. त्यांच्यापासून काढलेल्या पुटिकाही.

राजी

संगमनेर
२२ एप्रिल २०२४

राजे,

तू कळवलंस ते बरोबर केलंस. मीही इथल्या मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं.

त्या दिवशी कडूबाईनं विचारलं होतं, "कॅन्सरचं औशीद व्हय? मंग आमच्या मालकांना मिळंल का?" आणि मी म्हटलं, बघू. एवढंच. 'नाही' म्हटलं असतं तर तुझी पहिली नाळ गेली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांचं ऑपरेशन राहिलंय हे ठाऊक नव्हतं, पण मी विचारलंही नाही. इतकी वर्षं बायकांना सांगत आले की डॉक्टर बघू म्हणाले तर पुढं विचारा, बघू म्हणजे काय.

काल रजा टाकून कोतूळची एसटी धरली. पुढं जीपनं गेले. कडूबाई पुण्याहून कपडे न्यायला आली होती. मला बघून आत गेली ती बाहेरच येईना. ओट्यावर बसून राहिले. निकितानं पाणी दिलं. शेवटी कडूबाई दारात येऊन म्हणाली, "बाई, तुमी न्हाई म्हनला असता तर मी दोन शिव्या दिल्या असत्या न् गप बसले असते. तुमी आमाला वाट बघाया लावली." मी हात जोडले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मग निकिताला कमिटीचं सांगितलं. या औषधाचा तुझ्या सासऱ्यांना उपयोग नाही, तुझ्या मुलीलाही होईल असं नाही, तू आत्ता नको म्हणालीस तरी कुणी एक शब्द बोलणार नाही, सगळं काढून टाकतील. तिनं बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. तिची सासू काय म्हणते म्हणून बघितलं. कडूबाई म्हणाली, "माज्याकडं बघू नगो. नाळ तुजी."

निकिता म्हणाली, "नको म्हणायला जागा ठेवून विचारताय ना आता? मग राहू द्या." तिनं सही केली. सोबत पाठवते.

निघताना कडूबाईनं चहा टाकला. कोरा, गुळाचा. सगळा प्याले.

ऑपरेशनच्या दिवशी मी पुण्यात असेन. रजा मंजूर आहे.

आत्या

पुणे
२६ मे २०२४

ती. आत्या,

तू गेल्यानंतरची बातमी.

नाकातली नळी निघाली! जिभेची कड काढून तिथे मनगटावरची कातडी बसवलीय ती चांगली धरली. मानेतल्या गाठी तपासल्या, त्यांत काही निघालं नाही. आता किरणांचा उपचार, तो ते नाशिकला घेणार आहेत, घराला तेवढंच जवळ.

बोलणं मात्र अजून कुणाला कळत नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी हातवारे करून करून ते इतके चिडले की मी बाहेर जाऊन पाटी आणि पेन्सिल आणली. सातवीपर्यंतची शाळा, पण अक्षर माझ्यापेक्षा सुरेख. पहिल्यांदा लिहिलं, 'चहा'. नर्स म्हणाली, अजून नाही. पुसून लिहिलं, 'अर्धा'. पुन्हा नाही. मग पाटी वाल्मिककडे वळवून लिहिलं, 'हिला समजावून सांग'. अख्खा वॉर्ड हसला. तेही हसले आणि टाके दुखले म्हणून कळवळले.

निघताना त्यांनी पाटीवर काहीतरी लिहून माझ्याकडे फिरवली. लिहिलं होतं, 'उंदरांना कधी?' मी म्हटलं, पावसाळ्यानंतर. त्यांनी मान हलवली.

आत्या, तुझ्यावर मी रागावले होते. आता नाही. हे तुला त्या दिवशी ऑपरेशन थिएटरबाहेर सांगायचं होतं, पण तू आणि कडूबाई एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून अशा झोपला होतात की उठवावंसं वाटलं नाही.

राजी

संगमनेर
१४ ऑगस्ट २०२४

चि. राजे,

या खोक्यात दोन बाटल्या आहेत. दोन्ही कडूबाईच्या खात्यावर टाक.

झालं असं. मी आता प्रत्येक बाईला पहिलं वाक्य हेच सांगते, की हे औषध तुम्हाला किंवा तुमच्या घरात कुणाला मिळणार नाही. अजून प्रयोगच चाललाय. असं म्हटल्यावर पुष्कळ जणी उठून जातात. जाऊ देते. गेल्या आठवड्यात कडूबाई नातीच्या लशीसाठी आली होती. बाकावर पोट घेऊन बसलेल्या बायकांना मी माझं वाक्य सांगत होते. एक पोर म्हणाली, "आम्हाला मिळणारच नाही तर द्यायची कशाला?"

कडूबाई मधेच बोलली, "आगं, तुज्या सासऱ्यानं आंबा लावला आसंल ना दारात? त्यो काय सोता खायाला लावला व्हता?"

ती पोर म्हणाली, "आमच्या दारात आंबा नाही."

"मंग जांभूळ आसंल!"

"तेही नाही. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो."

सगळा बाक हसायला लागला. कडूबाई खवळली. म्हणाली, "बरं, ऱ्हाऊ दे झाड. हे बग, माज्या मालकाची जीब कापली. त्या डाक्टरला ती कापायची कशी हे कुनी शिकवलं? आदी कुनाच्या तरी जिबंवर शिकला आसंल ना? त्या मानसाचं नाव बी आपल्याला ठाव न्हाई. तसं हाय हे. द्यायची तर दी, न्हाई तर नगो दिऊ. पन समजून न्हाई म्हन."

त्या पोरीनं कागद घरी वाचायला नेला आणि दुसऱ्याच दिवशी सही करून आणला. दुसरी तिच्या शेजारी बसलेली. आज पहाटे दोघी मोकळ्या झाल्या. तिसरी समजून नाही म्हणाली, आणि कडूबाईनं तिलाही शाब्बास म्हटलं.

गोरक्षनाथांचे किरण संपले. तोंड आतून सोलून निघालं होतं, आता भरतंय. आवणीला बांधावर खुर्ची टाकून बसले होते. बोलता येत नाही म्हणून माणसांना शिट्टी वाजवून हाकत होते. कडूबाई म्हणते, आधी बोलून डोकं खायचे ते बरं होतं.

आत्या

पुणे
५ डिसेंबर २०२४

ती. आत्या,

हे पत्र मोठ्यानं वाच आणि कोतूळलाही वाचून दाखव.

उंदरांना औषध दिलं. जिभेला गाठ असलेले उंदीर होते. काहींना नुसतं औषध, काहींना पुटिकांत भरलेलं, काहींना रिकाम्या पुटिका. ज्यांना भरलेल्या पुटिका दिल्या त्यांतल्या निम्म्याहून जास्त उंदरांच्या गाठी लहान झाल्या. दोघांच्या तर बघायलाही उरल्या नाहीत. आणि औषध नेहमीपेक्षा कितीतरी कमी लागलं. उंदीर मस्त खात होते, पळत होते. मॅडम कधी हसत नाहीत, त्या खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

सगळं गोड नाही. बऱ्याच पुटिका गाठीऐवजी यकृतात जाऊन अडकतात. काही उंदरांवर काहीच फरक पडला नाही आणि का पडला नाही ते कळलेलं नाही. हे पुन्हा करून बघायचं, मग दुसऱ्या लॅबनं करून बघायचं, मग मोठे प्राणी, मग परवानग्या. माणसापर्यंत जायला अजून खूप वर्षं आहेत. हेही वाचून दाखव, गाळू नकोस.

निकिताच्या वितीतल्या पेशी सगळ्यात चांगल्या निघाल्या.

राजी

कोतूळ
११ जानेवारी २०२५

राजेश्वरीताईस गोरक्षनाथचा नमस्कार.

तुमच्या आत्या, चांगुनाबाई, काल घरी आल्या व्हत्या. तुमचं पत्र वाचून दावलं. सगळं वाचलं, यकृताचं बी. त्यांनी खोक्यात ठिवायला कागद मागितला, मी म्हनलं आज मीच लिवतो. लिवायची आता लई सवय झाली.

माजं बरं चाललंय. तोंड दोन बोटं उघडतंय. भात-वरन जातं, भाकरी दुधात कुस्करून जाती. डाक्टरनं सांगितलं परत काय दिसत न्हाई, पन दर दोन म्हैन्यानं दावाया या. जातो.

तंबाखू सुटली. आता दुसरा उद्योग लागलाय. बाजाराच्या दिशी मी तंबाखूवाल्याच्या दुकानामोरं जाऊन बसतो. बोलता येत न्हाई म्हनून कुनी पोरगं पुडी घ्यायला आलं की नुसतं तोंड उघडून दावतो. पोरगं पुडी टाकून पळतंय. दुकानदार माज्या पाया पडाया आला, म्हनला, नाना, बसायला दुसरीकडं जागा करून देतो, चा बी पाजतो. चा घेतला, जागा सोडली न्हाई.

नात चालाया लागली. निकितानं तिला उंदराची गोष्ट सांगितली, तवापासून उंदीर दिसला की टाळ्या वाजवती. घरात उंदीर मारायची पंचाईत झालीया.

एक काम हाय तुमच्याकडं. औशीद मानसांना द्यायची येळ येईल तवा मला कळवा. मला नगो, माजं झालं. पन ज्याला पयल्यांदा देनार आसाल, त्याला माजा नंबर द्या. त्यो लई घाबरलेला आसंल. घरच्यांना काय सांगावं ते त्याला सुचत नसंल. मी बोलंन त्याच्याशी.

वाल्मिकची आई म्हनती, तुमचं निम्मं बोलनं आमालाच कळंना, त्याला काय कळंल? तर तुमी लिवलंय ना, आजून लई वर्सं हायेत. तवर रोज सकाळी आरशामोरं बसून बोलाया शिकतोय. क, ख जमलं. र आडतोय.

गोरक्षनाथ